शिळं पाणी

धम्मप्रियाला विचारलं तर ती सांगते, समुद्राची भीती तिला कधी वाटलीच नाही. यावर विश्वास ठेवू नका. तिला खोटं बोलता येत नाही, बोलली की उजव्या कानाची पाळी ओढत बसते. हे सांगतानाही ती ओढतेच.

रेणापूरची पोरगी. वडील साहेबराव एसटीच्या वर्कशॉपात होते, आई पारूबाई अंगणवाडीत मदतनीस. बारावी झाल्यावर ती लातूरला अमरनाथमामाकडं गेली. मामाचा कारखाना म्हणजे एमआयडीसीतलं एक पत्र्याचं शेड, तिथं फायबरच्या पाण्याच्या टाक्या व्हायच्या. साच्यावर काचेच्या धाग्यांची चटई अंथरायची, ब्रशनं राळ चोपडायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही. राळेच्या वासानं डोकं उठायचं, अंगाला खाज सुटायची, पण पोरीचा हात बसला. पुढं गोव्यातल्या एका बोटी बांधणाऱ्या यार्डला फायबरची माणसं हवी होती. पारूबाईनं आकांडतांडव केलं. मामा मात्र म्हणाला, “जा की गं. टाकीत पाणी आत ऱ्हावं लागतंय, बोटीत भाईर. तेवढाच फरक हाय.”

गोव्यात दोन वर्षांत ती बोटी दुरुस्त करायला शिकली आणि दुरुस्त केलेली बोट पाण्यात घालून बघावी लागते, म्हणून शिडं हाकायलाही शिकली. तिथंच तिला नांदेडचं एक जोडपं भेटलं. अनिमेष सर नौदलातून निवृत्त झालेले, मालविका मॅडम डॉक्टर. दोघांनी सेशेल्स बेटांवर एक जुनी शिडाची यॉट विकत घेतली होती. नाव ठेवलं ‘गोदा’, दुसरं काय ठेवणार नांदेडची माणसं. ती गोव्याला आणायची होती. मधे सोळाशे सागरी मैलांचा हिंदी महासागर, वारा बरा असला तर अठरा-वीस दिवस. तळाची डागडुजी करणारं आणि येताना सुकाणूवर पाळी देणारं एक माणूस त्यांना हवं होतं. पंचविसाव्या वर्षी धम्मप्रिया पहिल्यांदा विमानात बसली आणि परत यायला शिडाची बोट.

निघाले त्या दिवशी अनिमेष सरांनी कामं वाटली. इंजिन आणि नकाशे त्यांच्याकडे, औषधं आणि स्वयंपाक मॅडमकडे. “आणि पाणी धम्माकडे,” ते हसून म्हणाले. “लातूरची आहे. थेंब इकडचा तिकडं होणार नाही.”

ती फुशारली. का फुशारू नये? लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या वर्षी ती दहावीत होती. कळशी डोक्यावर, पुस्तक काखेत, असा तिचा अभ्यास झाला. रेणापूरच्या घरी नळ दहा-बारा दिवसांनी यायचा आणि आला की पारूबाईच्या अंगात यायचं. शिळं पाणी ओतून द्यायचं, भांडी घासायची, ताजं भरायचं. नळ घटकाभराचा, रिकामं भांडं तयार नसलं की ताजं पाणी गटारीत. म्हणून नळाचा पाईप फुसफुसायला लागला की पोरांनी धावत जाऊन हंडे पालथे करायचे, विचारायचं नाही. फक्त एक घागर मागं ठेवायची. “पयलं पाणी गढूळ येतंय. एक घागर ऱ्हाऊ दे, नितळ आल्यावर वत,” हा पारूबाईचा कायदा होता.

बोटीवरचे पहिले चार दिवस मजेत गेले असं म्हणता येणार नाही, कारण ती ओकत होती. पाचव्या दिवशी उठून बसली. चार तास सुकाणू, आठ तास सुटी, पुन्हा चार तास. बिछान्याला कापडाची झोळी बांधलेली, नाहीतर झोपेत माणूस खाली आदळायचा. चूल झुल्यासारखी हलणारी. भांडी समुद्राच्या पाण्यानं घासायची, आंघोळही त्याच पाण्यानं. साबणाला फेस यायचा नाही आणि अंगावर मीठ वाळून कातडी करपायची. सकाळी डेकवर उडते मासे मरून पडलेले असायचे. आणि चहूकडं पाणी. इतकं पाणी तिनं जन्मात पाहिलं नव्हतं आणि त्यातलं घोटभरही पिण्याच्या लायकीचं नव्हतं. याचा तिला मनापासून राग यायचा.

समुद्राचं पाणी गोडं करणारं मशीन बोटीवर होतं. ते त्याच पाचव्या दिवशी बंद पडलं. सरांनी ते खोललं, दोन दिवस झटले आणि शेवटी नुसतं झाकण लावून ठेवलं. टाकीत एकशे वीस लिटर होतं. धम्मप्रियानं ते वीस-वीस लिटरच्या निळ्या कॅनमध्ये उपसून घेतलं, कारण हलत्या टाकीत किती उरलं ते कळत नाही. माणशी दोन लिटर, स्वयंपाकाला दोन, दिवसाचे आठ. मॅडमनी एकदा चमचा गोड्या पाण्यानं विसळला तर ही अंगावर धावून गेली. “मॅडम, हितं गोदावरी न्हाई! चमचा चाटायचा आन् खाऱ्या पाण्यात बुडवायचा!” साठीला टेकलेल्या डॉक्टरीणबाई ओशाळून “सॉरी” म्हणाल्या. सर हसत होते. तेव्हापासून कॅनला दुसऱ्या कुणी हात लावला नाही. किती उरलं ते धम्मा सांगेल, तेवढं खरं.

बाराव्या दिवशी भरलेले चार कॅन होते, ऐंशी लिटर. दहा दिवसांची बेगमी. वारा मेला होता, बोट तेलावर ठेवल्यासारखी डुलत होती, आणि तरी सर म्हणत होते की नऊ-दहा दिवसांत गोवा येईल. पाण्याला मात्र वास सुटला होता. जुन्या टाकीचा, राळेचा वास, आणि तळाला हिरवट गाळ. सरांचं पोट दोनदा बिघडलं होतं.

दुपारी चारचा सुमार. सर पाळी करून झोपले होते, मॅडम आत पडल्या होत्या. धम्मप्रिया एकटी सुकाणूवर होती. तेव्हा पूर्वेला ढग उठला. काळाभोर, आणि त्याच्याखाली समुद्रावर पांढरा पडदा. पाऊस! पडदा सरळ ‘गोदा’कडंच येत होता. वाऱ्याची गार झुळूक आली, ओल्या मातीचा वास यावा तसा काहीतरी वास आला आणि पहिले चार थेंब तिच्या हातावर पडले.

पुढचं तिला नीट आठवत नाही. म्हणजे आठवतं, पण ते कुणी दुसऱ्यानं केल्यासारखं. नळ आला होता. भांडी भरलेली होती, शिळ्या, वास मारणाऱ्या पाण्यानं. तिनं पहिला कॅन कठड्यावर आडवा केला आणि ओतला. गाळ गेला, बरं वाटलं. दुसरा ओतला. तिसरा ओतला. चौथ्याला हात घातला आणि थांबली. एक घागर मागं ठेवायची. मग तिनं शिडाची घडी सोडून पन्हाळ केली, त्याखाली कॅनचं तोंड धरलं आणि भिजत उभी राहिली.

पाऊस चार मिनिटं पडला. तोही धड नव्हे. शिडावर बारा दिवसांचं मीठ बसलेलं, पहिलं सगळं पाणी ते धुण्यात गेलं. तिनं चव घेतली, खारट. आता नितळ येईल, आता येईल म्हणून ती थांबली आणि पडदा बोटीला घासून दक्षिणेला निघून गेला. ऊन पडलं. कॅनमध्ये सात-आठ लिटर होतं, खारवट.

ती कॅनकडं बघत राहिली.  मग डेकवरच बसली. साठ लिटर पाणी तिनं समुद्राला पाजलं होतं. उरले वीस.

खाली जाऊन सरांना उठवायचं, सांगायचं, एवढंच काम होतं. दोन पायऱ्या उतरलीही. पण काय सांगणार? लातूरच्या पोरीनं पाणी ओतून दिलं? जिनं एका चमच्यावरून बाईला फाडून खाल्लं होतं, तिनं? आणि आणखी एक गोष्ट होती, ती तिनं पुढं कितीतरी दिवस कुणाला सांगितली नाही. तिचा आजा सांगायचा, त्याच्या लहानपणी विहिरीपासून वीस पावलांवर उभं राहावं लागायचं. कुणाला दया आली तर वरून ओंजळीत पाणी मिळायचं, आणि घागरीला सावली लागली तरी ‘पाणी नासवलं’ म्हणून मार पडायचा. मॅडम-सर तसले नव्हते. तिच्या हातचं पाणी ते दोघं बारा दिवस बिनदिक्कत पीत होते, सगळं पाणी तिच्या स्वाधीन करून निर्धास्त झोपत होते. त्याच हातांनी पाणी नासवलं होतं. ते शब्द तिच्या कानात वाजायला लागले आणि ती दोन पायऱ्या परत वर आली.

तिनं रिकाम्या कॅनमध्ये समुद्राचं पाणी भरलं, म्हणजे ते भरलेले दिसावेत. हे तिनं जाणूनबुजून केलं. याची लाज तिला अजून वाटते.

त्या दिवसापासून भीती तिच्या शेजारी येऊन बसली. सरांना दोन लिटर, मॅडमना दोन, स्वतःला अर्धा. वरणाला ते खारवट पाणी. पारूबाईनं दुष्काळात असंच केलं होतं. पोरांना पाजायची आणि “मी आत्ताच पिले” म्हणायची. पण पारूबाईचा नळ निदान दहा-बारा दिवसांनी येणारच होता. हिला रात्रंदिवस एकच दिसायचं, सर कॅन वाकडा करतात, घोट घेतात आणि थुंकतात. जीभ टाळूला चिकटायला लागली. लघवी काळसर झाली. सुकाणूवर असताना चक्कर यायची, मग ती स्वतःला दोरीनं बांधून घ्यायची. ढग दिसायचे आणि लांबून निघून जायचे.

चौदाव्या दिवशी सकाळी सरांनी नकाशा उलगडला. “धम्मा, नीट ऐक,” ते म्हणाले. “वारा काही येत नाही. मालदीवचं सगळ्यात जवळचं बेट साडेतीन दिवसांवर आहे, इंजिनावर. डिझेल जेमतेम तेवढंच उरलंय. वळायचं तर आज. गोव्याच्या दिशेनं आणखी एक दिवस इंजिन चालवलं की मालदीव हातचं गेलं, मग वारा येईल तेव्हाच. पाणी किती आहे?”

“चौसष्ट लिटर,” ती म्हणाली. हिशेबानं तेवढंच असायला हवं होतं.

“मग कशाला वळायचं? आठ दिवस आहेत आपल्याकडे. तोवर वारा येतोच.”

“व्हय सर. पुरतंय,” धम्मप्रिया म्हणाली आणि तिनं कानाची पाळी ओढली.

सरांनी नकाशा गुंडाळला आणि इंजिन गोव्याकडं सुरू केलं. त्या इंजिनाची घरघर तिच्या मस्तकात शिरली. दर मिनिटाला डिझेल जळत होतं आणि ते बेट लांब जात होतं. आता सांगू, दहा वाजता सांगू, जेवण झाल्यावर सांगू. तीन माणसं मरणार होती आणि त्यातल्या दोघांना ते माहीत नव्हतं. ती मनात आईला हाका मारत होती.  जेवताना भाताचा कोरडा घास तोंडात फिरवत बसली.

मॅडम समोर बसल्या होत्या. त्या बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी हात पुढं करून हिच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

“किती दिवस पाणी पीत नाहीयेस?”

“पितेय की मॅडम.” हात कानाकडं गेला.

“कान सोड,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी स्वतःची बाटली उघडली, हिच्या मानेखाली हात घातला आणि बाटली तोंडाला लावली. उष्टी बाटली, स्वतःच्या वाट्याची. “पी. मी सांगते म्हणून पी.”

दोन घोट गेले असतील. तिसऱ्याला धम्मप्रियाला हुंदका आला, पाणी नाकात गेलं आणि ती मोठ्यानं ओरडली, “नका पाजू मला! म्याच वतलंय समदं!”

सर धावत खाली आले. तिनं सगळं सांगितलं, ढगापासून खाऱ्या पाण्याच्या कॅनपर्यंत. सांगताना कानाला हात लावला नाही.

“पण ओतलंस का?” सरांचा आवाज चढला. “पिण्याचं पाणी होतं ते!”

“शिळं व्हतं सर.”

“शिळं म्हणजे?” मॅडमनी विचारलं. खरोखरच विचारलं, त्यांना कळलं नव्हतं. “पाणी कसं शिळं होतं?”

ज्यांच्या घरामागून नदी वाहते त्यांना शिळं पाणी माहीत नसतं. काय समजावणार? धम्मप्रियानं नुसतं सांगितलं, “आमच्याकडं नळ आला की वततेत.”

सरांनी एकेक कॅन उचलून बघितला, चाखला, थुंकला. खऱ्या पाण्याचा चौथा कॅन हलवून बघितला. अकरा लिटर. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला आणि तो चेहरा पाहून धम्मप्रियाला कळलं की नौदलातली माणसंही भितात. ती मार खायच्या तयारीनं उभी होती. ते म्हणाले, “मी दोन दिवसांत एकदाही कॅन उचलून पाहिला नाही. लातूरची आहे, म्हटलं.” मग त्यांनी घड्याळ बघितलं, डिझेलच्या टाकीत काठी बुडवली, बाहेर काढून दोनदा पुसली, पुन्हा बुडवली. “सहा तास जाळले आपण. थोडं कमी पडेल. शेवटचे तीस-चाळीस मैल शिडावर.” आणि वर जाऊन त्यांनी सुकाणू पूर्वेला फिरवलं.

उपग्रह फोनवरून त्यांनी तटरक्षक दलाला कळवलं. सगळ्यात जवळचं जहाज पाच दिवस लांब होतं, संपर्कात राहा म्हणाले. रेडिओवर दर तासाला हाक मारायची, उत्तर यायचं नाही. माणशी दिवसाला एक लिटर, तेही औषधाच्या टोपणानं. आता पाणी मॅडम मोजायच्या. सर दोन दिवस धम्मप्रियाशी कामापुरतंच बोलले. मॅडम एकदा म्हणाल्या, “राग आहे त्याला. मलाही आहे. पण तो एक कॅन का ठेवलास?”

“माय म्हणती ठिवावा. पयलं पाणी गढूळ येतंय.”

 मॅडमनी टोपण भरून तिच्यापुढं केलं.

चौथ्या दिवशी सकाळी डिझेल संपलं. इंजिन खोकलं आणि गप्प झालं.  बेट कुठं दिसत नव्हतं. दुपारी वारा आला, मायेच्या माणसानं फुंकर घालावी इतकाच, पण आला. धम्मप्रियानं शीड ओढलं तेव्हा हाताची सालटं निघाली. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सरांनी नुसतं बोट दाखवलं. नारळाची रेघ.

धक्क्यावर एका माणसानं न विचारता पाण्याची नळी बोटीवर फेकली. मॅडम नळीखाली डोकं धरून बसल्या. सरांनी रिकामे कॅन काढले, धुतले, भरले आणि भरता भरता धम्मप्रियाच्या पाठीवर थाप मारली.  चौथ्या कॅनच्या तळाशी अर्धा लिटर उरलं होतं, हिरवट. तो कॅन तिनं त्यांच्या हातातून काढून घेतला आणि धक्क्याच्या पायरीवर जाऊन बसली.

तिथूनच तिनं घरी फोन लावला. पारूबाईनं पहिल्या रिंगलाच उचलला.

“पोचलीस का गं? कुठं हाईस?”

“मालदीवला हाय माय. वारा नव्हता म्हणून वळलो. बरी हाय.”

“आवाज का असा? रडायलीस का?”

“न्हाई. घसा बसलाय.” तिनं कान ओढला.

“पाणी पुरलं का बोटीत?”

“पुरलं.”

“आन् ऐक,” पारूबाई म्हणाली, “इतक्या दिसाचं शिळं असंल ते. त्वांड लावू नगंस, पोट बिघडंल. आदी समदं वतून दे, मग ताजं भर. वतलंस का?”

धम्मप्रियाचा हात कानाकडं गेला नाही.

“वतलं माय,” ती म्हणाली. मग फोन खाली ठेवून तिनं मांडीवरचा कॅन दोन्ही हातांनी उचलला आणि तळाचं ते शिळं पाणी घोट घोट करत सगळं पिऊन टाकलं.